चुन्याखालची नावं

पहिला दिवस, शुक्रवार

मामाचा फोन मंगळवारी आला होता. "देवळाच्या भिंती खरवडाय काढल्यात. खालनं अक्षरं निघाय लागलीत. बघायची असली तर ये, सोमवारी रंगारी येणार हाय." आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. चर्च म्हणजे सोलापूरचं, मोठं, बाकडी असलेलं. गावातलं ते देऊळ.

म्हणून पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्सप्रेस धरली. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या ज्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं, त्यांच्या आठवणीतली ही गाडी. दहाच्या सुमाराला सोलापुरात उतरले. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, त्यामुळे रिक्षावाल्याला वाट वाकडी करावी लागली. एका गल्लीत पोरं यात्रेतला नंदीध्वज पेलायचा सराव करत होती.

मावसबहिणीकडे मुक्काम. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.

"त्या गावात आता राहिलंय कोण?" तिनं विचारलं.

"मामा आहे की."

"मामा सोडून विचारतेय मी."

मला सांगता येईना. झोपले.

दुसरा दिवस, शनिवार

एसटीला वेळ होता म्हणून सकाळी रंगभवनाजवळच्या फर्स्ट चर्चवरून एक फेरी मारली. आजोबा गावातून निघताना "फष्टात जातो" म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, परीक्षेत पहिल्या येणाऱ्यांची ती जागा असणार.

या सगळ्याचा उगम सोलापुरात नाही. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं, आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन पसरत गेलं. ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं तेही १८४२ मध्ये, नगरलाच. सोलापूर त्या मानानं उशिरा. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि तिच्या मागोमाग चार्ल्स हार्डिंग नावाचे मिशनरी इथं राहायला आले. रूळ आणि मिशन एकाच वाटेनं आले. यात काही कारस्थान होतं असं नाही. नगरहून बैलगाडीनं आठवडा घालवण्यापेक्षा स्टेशन असलेलं गाव कुणालाही बरं.

पुढं वोरोनोको शाळेवरून रिक्षा गेली. आई तिथं शिकली. हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी इतकं बसलंय की ते कुठलं, असं कुणी विचारत नाही. वोरोनोको ही अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यातली एक जागा. आईला हे साठीनंतर कळलं. "मला वाटलं कानडी असंल," म्हणाली.

दुपारची बार्शी एसटी. नान्नजला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून हंगामाच्या पहिल्या द्राक्षांची पेटी घेतली. नान्नज बाहेरच्यांना माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळे माहीत असतं. इकडं ते द्राक्षांचं गाव, सोनाका हे वाण इथंच निपजलं. पेटी मुद्दाम घेतली. का, ते उद्याच्या दिवसात येईल. वडाळा मागे पडलं, दोन्ही बाजूंनी शाळू निसवून उभा होता. वैराग ओलांडल्यावर फाट्यावर उतरले. मामा मोटारसायकल घेऊन उभा. वय पंचाहत्तरीला आलेलं, पण गाडी अजून स्वतःच चालवतो.

"सलाम, मामा."

"सलाम, सलाम. कवाची वाट बगतोय. ती पेटी दे हिकडं."

घरी न जाता थेट देवळाकडे नेलं त्यानं. वेशीच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला, जिथं पूर्वीचा महारवाडा होता तिथं. दगड-मातीच्या भिंती, तीस-बत्तीस हात लांबीची एकच खोली, वर पत्रा. हा पत्रा मामाच्या काळजातलं कुसळ आहे. पूर्वी मंगलोरी कौलं होती. गळतात म्हणून दहाएक वर्षांपूर्वी उतरवली. ठेकेदारानं उचल घेतली, हलका पत्रा टाकला, कौलं "बाजूला ठेवतो" म्हणून ट्रॅक्टरमध्ये भरली आणि परत तोंड दाखवलं नाही. आता उन्हाळ्यात आत भट्टी होते आणि पावसात उपदेश ऐकू येत नाही. "त्यो एक फायदाच हाय," मामा म्हणाला आणि पाळकसाहेब जवळपास नाहीत ना, हे वळून बघितलं.

दारावरची भिंत खरवडलेली होती. सगळ्यात वर निळ्या ऑइलपेंटमध्ये "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया". ते पोपडे निघाले तिथं खाली लाल अक्षरं, अर्धवट: "युनायटेड चर्च ऑफ नॉ". आणि त्याच्याही खाली, चुन्यात काजळी कालवून लिहिल्यासारखी करडी अक्षरं, बाळबोध वळणाची: "रिकन मराठी मि". मी नखानं एक पोपडा काढला तर "श" चं डोकं निघालं.

म्हणजे एकाच भिंतीला तीन नावं झाली आणि आतली माणसं तीच राहिली. सुरुवातीचं नाव मिशनचं. १९२४ मध्ये उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या पंथांच्या मंडळ्यांची मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली, त्यात हे देऊळ गेलं. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तेव्हापासून आम्ही नॉर्थ इंडिया. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं स्वतःला उत्तर भारतीय म्हणवून घ्यायचं, याची गंमत मला कायम वाटत आलीय. सोलापूरहून शंभर किलोमीटरवर विजापूर, तिथले भाऊबंद चर्च ऑफ साउथ इंडियात. मधे भीमा.

"तुला ह्यातलं काय कळलं होतं, सत्तर साली?" मी मामाला विचारलं.

"पाटी रंगवाय पाच रुपये गेले, यवढं कळलं."

आत गेलो. वेदीमागची भिंतही खरवडायला घेतली होती, पण तिथं अक्षरं नव्हती. चुन्याचे पापुद्रे निघून खाली नुसता काळा रंग, चार हात रुंद, छातीइतक्या उंचीपासून वर गेलेला. कडा सरळ आखलेल्या. मी हात फिरवला तर भिंतीपेक्षा गुळगुळीत. मामा दारात उभा राहून मला कळतंय का बघत होता.

फळा होता तो.

"शाळा आधी आली, देऊळ मागनं," मामा म्हणाला. "आज्जा म्हणायचा तवा खोटं वाटायचं आमाला."

खोटं वाटायचं कारण नव्हतं. मिशनची खेड्यातली रीतच ती. आधी एक मास्तर पाठवायचा, बहुधा नगरला शिकलेला. तो आठवडाभर महारा-मांगांच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावायचा आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायचा. गावच्या शाळेत ज्या पोरांना उंबऱ्याबाहेर बसवत, त्यांच्यासाठी ही खोली. फळ्याच्या जागी पुढं वेदी आली. वेदीमागं फळाच होता, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. चुन्यानं ठेवलं.

रात्री मामीनं हुरडा भाजला. सोबत लसणाची चटणी. द्राक्षांच्या पेटीला मात्र हात लावू दिला नाही तिनं.

तिसरा दिवस, रविवार

आमच्या देवळाला घंटा नाही. दारापाशी लिंबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलाय, त्यावर लोखंडी गज मारायचा. तो तुकडा बार्शी लाईटचा. ही कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी रेल्वे, १८९७ मध्ये सुरू झालेली, पुढं पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली. अलीकडं तिची ब्रॉडगेज झाली. तुकडा आला कसा, यावर गावात दोन मतं आहेत. एक, कुणा साहेबानं दिला. दुसरं मामाचं आहे आणि ते लिहिण्यासारखं नाही. रूळ आणि मिशन एकाच वाटेनं आले असं काल लिहिलं, ते इथं जरा जास्तच खरं झालंय.

साडेनऊला टोले पडले. चपला बाहेर. आत सतरंज्या, पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. मोजली तर सव्वीस डोकी, त्यातली नऊ लहान. पाळकसाहेबांकडे अशा चार मंडळ्या आहेत, त्यामुळे ते महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार मामा आणि दुसरे एक वडील चालवतात. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस मिळून घ्यायचा विधी, असतो तो पाळक आले की, आणि मी नेमकी त्या रविवारी होते. मामीनं पहाटे नान्नजची द्राक्षं मलमलीच्या फडक्यातून पिळून ठेवली होती. पूर्वी सोलापूरहून बाटली यायची. पंधरा-वीस वर्षांपासून रस गावातलाच, आणि द्राक्षं कुणी आणायची यावरून घराघरांत चुरस असते. यंदाची पहिली पेटी माझी, म्हणून दोघीजणी माझ्यावर किंचित नाराज होत्या.

गायन सुरू झालं आणि मी निवांत झाले. पेटी, मृदंग, टाळ. बाहेरून ऐकणाऱ्याला विठ्ठलाच्या देवळातलं भजन वाटेल, आणि त्याची ती चूक म्हणता येणार नाही. आमच्या गीतांचा मोठा वाटा नारायण वामन टिळकांचा आहे. कोकणातल्या चित्पावन घरात जन्मलेला हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, नगरला राहिला, आणि साहेबी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या मराठीतून त्यानं मंडळीला सोडवलं. अभंगाच्या, ओवीच्या वळणानं गाणी दिली. त्यांच्या आधीही कृष्णराव सांगळ्यांसारखे लोक ख्रिस्ती कीर्तन करत होतेच. पण माझ्या मामीसारख्या बाईला, जिला वाचता येत नाही, दीडशे पदं पाठ आहेत ती चालींमुळे. उपदेश मात्र पंचेचाळीस मिनिटं चालला. पाऊसही नव्हता.

जेवणानंतर पेटारा उघडला. हे काम मी मागून घेतलं होतं. मामा पंचांपैकी, त्यामुळे किल्ली त्याच्याकडे. आत बाप्तिस्म्याची नोंदवही, लग्नाची, पुरण्याची, आणि पंचायतीच्या ठरावांचं बाड. वाळवीनं पहिली पानं खाल्लीत. साल जिथं लिहितात नेमका तोच कोपरा गेलाय. देऊळ कधीचं, याचं उत्तर त्यामुळे प्रत्येकजण आपापलं देतो. मामा म्हणतो मोठ्या दुष्काळाच्या आधीचं. शेजारचे म्हातारे म्हणतात, नंतरचं.

हा फरक दिसतो तेवढा साधा नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या मुलखानं जो पाहिला त्याला तोड नाही. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा माणसं काम टाकून निघून गेली होती. देऊळ दुष्काळानंतरचं म्हटलं की "पोटासाठी बाटले" हे वाक्य आपोआप मागे येतं. आजोबांनी ते आयुष्यभर ऐकलं. म्हणून मामाला दुष्काळाच्या आधीचंच साल हवं असतं. मला विचाराल तर, उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याचा देव बरा वाटला असेल, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण हे मी मामासमोर बोलले नाही. आणि फळा तर सांगतोच आहे की भाकरीच्या जोडीला आणखीही काहीतरी हवं होतं.

वहीतली नावं मी दोन तास वाचत बसले. सुरुवातीच्या पानांवर सटवा, लिंबाजी, भागू, धोंडी, यल्लू. बाप्तिस्मा झाला तरी नाव तेच ठेवलेलं. व्यवसायाच्या रकान्यात वेसकर, वेसकर, मजूर, वेसकर. पुढच्या पिढीत दावीद, शलमोन, मार्था, रूथ, शमुवेल. त्याच हातानं, त्याच शाईत "रूथ भ्र. शलमोन लिंबाजी" लिहिलेलं (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा), एका ओळीत दोन युगं. मग स्वातंत्र्याच्या आसपास पुन्हा वळण: विजय, सुमन, अशोक, शांता. आणि आत्ताच्या पानावर एंजल, प्रिन्स, जॉय.

मधल्या पानांवर मात्र वेगळंच काही दिसायला लागलं. नावावर एक आडवी बारीक रेघ, आणि शेरा: "नाव कमी". एकदा, मग दोनदा, मग पानभर.

मामानं चष्मा पुसला. "हे आपलं चुलत घर. हे भी. हे गेले बौद्धात."

१ जानेवारी १९३८ ला डॉ. आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले होते. आजोबा विशीतले, चालत गेले होते असं मामा सांगतो. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपल्याला ओढून घेतलं, असं बाबासाहेब त्या सभेत म्हणाले. आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे पडलाय, आपल्या हक्कांसाठी लढत नाही, हेही सुनावलं. पहिलं वाक्य आमच्याकडं फार सांगतात. दुसरं कमी. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपूरला बुद्धाची वाट धरली आणि रेघा तिथून वाढल्या.

पण सगळ्या रेघा बौद्धांच्या नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर, ओबीसीत. वेशीबाहेरचं घर तेच, ओढा तोच, पाणवठ्यावरची वागणूक तीच, फक्त दाखल्यावर जात वेगळी. त्यामुळे काही घरांनी नाव कमी करून घेतलं. काहींनी ते न करता शाळेच्या दाखल्यावर "हिंदू महार" लिहिलं आणि रविवारी सतरंजीवर येऊन बसले. ती नावं वहीत आहेत, जनगणनेत नाहीत. आज सकाळच्या सव्वीस डोक्यांत कितीजण कागदावर ख्रिस्ती आहेत, असं मी मामाला विचारलं.

"असलं मोजू ने," एवढंच तो म्हणाला, आणि वही मिटली.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी मामाबरोबर माळावर गेले, पुरण्याच्या जागेत. कुंपण नाही, फाटक नाही. बाभळी, दगडांच्या राशी, मधेच सिमेंटचा क्रूस, त्याच्या शेजारी निळ्या रंगाचं धम्मचक्र. दोघं सख्खे चुलतभाऊ. महारांत प्रेत पुरायचीच रीत होती, त्यामुळे ख्रिस्ती झाल्यावर ही जागा बदलावी लागली नाही, आणि बौद्ध झाल्यावरही भाऊ भावाशेजारीच राहिला. वहीतल्या रेघा इथं चालत नाहीत. आजोबांच्या दगडावरची अक्षरं पुसट झाली होती. मामानं खिशातून खडूचा तुकडा काढला आणि ती पुन्हा गिरवली. दर वर्षी गिरवतो म्हणे.

परत आलो तर रंगारी आलेला. दोन पोरं, एक बादली, रोलर. दारावरची तिन्ही नावं तोवर पांढरी झाली होती. मी फोटो काढून ठेवले होते, पण तरी पोटात खड्डा पडला. फळ्यापुरतं तरी तसंच ठेवा, असं मी काल पंचांना सुचवलं होतं. एकानं विचारलं, "काळी भिंत बरी दिसंल का, लग्नात?" पुढच्या महिन्यात तिथं लग्न आहे, या देवळात चार वर्षांनी होणारं. मग मी गप्प बसले. लग्न होतंय हे जास्त महत्त्वाचं. फक्त वह्यांचा पेटारा जड, तो कुणी हलवला नाही. त्याच्या मागं वीतभर काळा पट्टा तसाच राहिला.

निघताना मामानं पुन्हा वही काढली. या वेळी वेगळी, लांबट, वर्गणीची. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले, तेव्हापासून एक गोष्ट मिशननं लावून धरली होती: गावच्या मंडळीनं आपला पाळक आपणच निवडावा आणि आपणच पोसावा. बोर्ड गेलं, साहेब गेले, पण वर्गणीची वही चालूच राहिली.

"हे बग," मामानं बोट ठेवलं.

माझं नाव. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, बाप्तिस्माही इथंच. पुण्यातल्या चर्चमध्ये आम्ही जायला लागलो, पण इथून दाखला कुणी नेलाच नाही. त्यामुळे नोंदवहीप्रमाणे मी याच मंडळीची. माझ्या नावावर रेघ नव्हती. नावापुढं चौकोनांची रांग होती, वर्षाला एक, सगळे कोरे.

"सगळी बाकी धरलीस का मामा?"

"मग? धरायची न्हाई?"

हिशेब त्यानं आधीच करून ठेवला होता. सुरुवातीची वर्षं चार आण्यांची, मग रुपयाची, पुढं दहाची, अलीकडं शंभरची. एकूण आकडा मी म्हटलं तर फार नव्हता, पण रोख कमी पडत होती. वैरागच्या एटीएमपर्यंत जायला वेळ नव्हता. शेवटी मामीनं डब्यातून तीनशे काढून दिले, उसने.

मामानं पावतीपुस्तकात कार्बन नीट घातला, जीभ दातांत धरून माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पावती फाडली. वर निळ्या शाईत छापलं होतं, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया.

"जुनी पुस्तकं हायेत," तो म्हणाला. "संपली की नवी छापू."

मामानं मोटारसायकलला किक मारली. फाट्यावर बार्शीहून येणारी गाडी दिसायला लागली होती.